'पाव' : एक रूप, तीन कुळे

'पाव' हा शब्द लिहिताना एकच दिसतो. परंतु त्याची कुळे तीन आहेत. चौथा हिस्सा दर्शविणारा 'पाव' संस्कृत 'पाद'पासून आला. 'देवा, पाव' यातील क्रियापद 'प्राप्' धातूपासून झाले. भट्टीतला पाव मात्र पोर्तुगीजांचा. त्याचे मूळ लॅटिन 'पानिस'. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका जेथे समुद्राला मिळते, तेथील कोर्लईवर १७४० पर्यंत पोर्तुगीज सत्ता होती. गावातील ख्रिस्ती समाजाच्या बोलीत त्या भाषेचा अंश आजही टिकून आहे.

प्रभुभोजनावर लिहिताना 'पावणारा देव' आणि 'पाव' यांची सांगड घालण्याचा मोह कवीला होतो. कोटी म्हणून ती गोड आहे. व्युत्पत्ती म्हणून खोटी. येथील साम्य निव्वळ योगायोगाचे आहे.

याउलट हिब्रूतील 'लेहेम' म्हणजे भाकर आणि अरबीतील 'लहम' म्हणजे मांस. दोहोंची व्यंजने एक आणि मूळही एक. म्हणून बेथलेहेम हे नाव हिब्रू भाषकाला भाकरीचे घर, तर अरबी भाषकाला मांसाचे घर वाटते. ज्या समाजाचे जे मुख्य अन्न, तोच अर्थ तेथे रूढ झाला असावा, असे अभ्यासक मानतात.

मराठी बायबलच्या अनुवादकांनी 'पाव' न घेता 'भाकर' हा शब्द घेतला, त्याचे मोल येथे कळते. पेण-रोह्याच्या भातशेतीत राबणाऱ्याची भूक तांदळाच्या भाकरीने भागते, पाव चहापुरता. रोजच्या अन्नाची याचना त्याने आपल्या ताटातील शब्दानेच करावी, हे उचित होय. अनुवादाची परीक्षा करताना शब्दाच्या रूपापेक्षा हा निकष मोठा मानावयास हवा.