ॲपचा बाजार आणि विज्ञानाचा वर्ग

विज्ञानशिक्षकाच्या खिशात आज एक छोटी प्रयोगशाळा असते. साध्या स्मार्टफोनमध्येही त्वरणमापक, ध्वनिग्राहक, प्रकाशसंवेदक आणि बहुधा चुंबकमापकही असतो. या संवेदकांना बोलते करणारी अनेक ॲप्स मोफत मिळतात आणि कोणते ॲप चांगले, कोणते सदोष याची चर्चा शिक्षकांत होतच असते. आम्ही मात्र येथे ॲपचे नव्हे, तर ज्या दुकानातून ते आपल्यापर्यंत येते त्या दुकानाच्या नियमांचे परीक्षण करणार आहोत. वर्गात कोणते ॲप पोचेल, ते किती काळ टिकेल आणि त्यात जाहिराती असतील की नाही, हे बऱ्याच अंशी या नियमांवर ठरते.

दुकानाची जमेची बाजू

ॲपल कंपनीचे ॲप स्टोअर १० जुलै २००८ रोजी सुमारे ५०० ॲप्ससह सुरू झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गुगलने अँड्रॉइड मार्केट उघडले. २०१२मध्ये त्याचे नाव गुगल प्ले झाले. त्याआधी एखाद्या प्राध्यापकाने तयार केलेली संगणकप्रणाली तबकडीवर घालून ओळखीच्या चार शाळांना पोचवावी लागे. आता तीच प्रणाली एका दिवसात गडचिरोलीतही पोचते आणि ग्वाटेमालातही. शिवाय ॲप ठेवून घेण्यापूर्वी दुकानदार त्याची तपासणी करतो. ही तपासणी निर्दोष नसते, पण कोठूनही उचललेल्या फाइलपेक्षा दुकानातले ॲप सामान्यतः अधिक सुरक्षित असते. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

दाराशी काय लागते?

समजा, एका शिक्षिकेने आपल्या विद्यार्थ्यांसाठी लंबकाचे ॲप तयार केले. गुगलच्या दुकानात ते ठेवायचे तर २५ डॉलर एकदाच भरावे लागतात. ॲपलच्या दुकानात ९९ डॉलर दरवर्षी भरावे लागतात. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर गुगलकडे वैयक्तिक खाते उघडणाऱ्यांसाठी आणखी एक अट आली : ॲप सर्वांना खुले करण्यापूर्वी २० जणांनी ते सलग १४ दिवस चाचणीसाठी घेतलेले असले पाहिजे. डिसेंबर २०२४मध्ये ही संख्या १२ झाली. फसव्या ॲप्सना आळा घालणे हा हेतू योग्यच आहे. परंतु मोठ्या कंपनीला ही अट जाणवतही नाही. एकट्याने काम करणाऱ्या शिक्षिकेला मात्र बारा फोनधारकांना दोन आठवडे धरून ठेवावे लागते.

पैशाचा हिशेब

दुकानदार विक्रीवर कमिशन घेतो. बाजार समितीतल्या आडतीसारखेच हे आहे. प्रारंभी दोन्ही दुकानांचा रूढ दर ३० टक्के होता. २०२१पासून लहान उत्पादकांसाठी तो १५ टक्क्यांवर आला. आपल्या शिक्षिकेने ॲपची किंमत ५० रुपये ठेवली, तर कर बाजूला ठेवून तिच्या हाती ४२ रुपये ५० पैसे येतात. डॉलरचा दर ८५ रुपये धरला, तर २५ डॉलर म्हणजे २१२५ रुपये. ते वसूल होण्यासाठी ५० प्रती विकल्या गेल्या पाहिजेत. ॲपलच्या दुकानात ८४१५ रुपये भरून काढण्यासाठी १९८ प्रती लागतात, आणि त्याही दरवर्षी. नववीच्या वर्गाला हे गणित उदाहरण म्हणून अवश्य घालावे.

यात एक नियम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. गुगलच्या दुकानात एकदा मोफत दिलेल्या ॲपला नंतर किंमत लावता येत नाही. विकतचे ॲप मोफत मात्र करता येते. ग्राहकाच्या दृष्टीने हा नियम न्याय्य आहे. पण आधी सर्वांना वापरू द्यावे आणि पुढे देखभालीपुरते पैसे घ्यावेत, हा सरळ मार्ग त्यामुळे बंद होतो. मग उरतात जाहिराती, ॲपच्या आत होणारी विक्री आणि मासिक वर्गणी. ओहमचा नियम शिकवताना मध्येच खेळाची जाहिरात का येते, याचे एक उत्तर येथे सापडते. दोष नेहमीच निर्मात्याच्या लोभाचा नसतो.

जुने झाले म्हणजे निकामी झाले काय?

आमच्या मते सर्वांत गंभीर आक्षेप येथे आहे. गुगलने २०२२मध्ये जाहीर केलेल्या नियमानुसार, जे ॲप ठराविक काळात नव्या अँड्रॉइडशी जुळवून घेत नाही, ते त्याहून नवी आवृत्ती असलेल्या फोनच्या नव्या वापरकर्त्यांना दुकानात दिसेनासे होते. परिणाम असा की शिक्षकाच्या जुन्या फोनवर ॲप चालते, पण विद्यार्थ्याच्या नव्या फोनवर शोधूनही सापडत नाही. ॲपलने सप्टेंबर २०१७मध्ये आयफोनची अकरावी प्रणाली आणली, तेव्हा ३२-बिटची जुनी ॲप्स त्या प्रणालीवर चालेनाशी झाली.

सुरक्षिततेसाठी सुधारणा हव्यात, हे खरे. तथापि बँकेचे ॲप आणि लंबकाचे ॲप यांत फरक आहे. एक मीटर लांबीच्या लंबकाचा आवर्तकाल सुमारे दोन सेकंदच राहणार. ते शिकवणारे साधन दरवर्षी बदलण्याचे शास्त्रीय कारण नाही. चांगली प्रयोगपुस्तिका एकदा लिहून पूर्ण होते आणि वीस वर्षे शाळेच्या कपाटात राहते. दुकानाचे नियम मात्र सतत विकल्या जाणाऱ्या आणि सतत बदलणाऱ्या मालासाठी बेतलेले आहेत. ज्याला उत्पन्न नाही, त्यालाही दरवर्षी दुरुस्तीचे काम करावे लागते, आणि म्हणूनच मोफत व चांगली शैक्षणिक ॲप्स आधी गळतात.

दार बंद करणारे इतर

कोणत्या देशांत ॲप द्यायचे, हे निर्माता ठरवू शकतो. सरकारही ते बंद करू शकते. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ ॲप्सवर बंदी घातली, त्यांत अनेक शिक्षक कागद स्कॅन करण्यासाठी वापरत ते कॅमस्कॅनरही होते. मार्च २०२४च्या प्रारंभी शुल्काच्या वादातून गुगलने काही भारतीय कंपन्यांची ॲप्स काढून टाकली आणि सरकारने लक्ष घातल्यावर काही दिवसांत ती परत आली. त्याआधी, ऑक्टोबर २०२२मध्ये, भारतीय स्पर्धा आयोगाने देयकविषयक धोरणांबद्दल गुगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला होता. मार्च २०२५मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो २१६.६९ कोटींवर आणला. युरोपीय संघात कायद्यामुळे मार्च २०२४पासून आयफोनवर ॲपलखेरीज इतर दुकानेही उघडता आली. हे वाद मोठ्या कंपन्यांचे आहेत. शाळेच्या ॲपसाठी न्यायालयात कोणी जात नाही, म्हणून तिचा प्रश्न तेथे ऐकूही येत नाही.

टिकलेली उदाहरणे

गुगलने २०१६मध्ये ‘सायन्स जर्नल’ नावाचे संवेदकांचे उत्तम ॲप काढले. २०२०च्या अखेरीस कंपनीने त्यातून अंग काढून घेतले. परंतु त्याचा संगणकीय मजकूर, म्हणजे कोड, सर्वांना खुला होता, त्यामुळे आर्डुइनो या संस्थेने ते पुढे चालवले. जर्मनीतील आखेन येथील तंत्रविद्यापीठाचे ‘फायफॉक्स’ही २०१६चेच. ते मोफत आहे, जाहिराती नाहीत आणि कोड खुला आहे. दोन्ही मोठ्या दुकानांबरोबर ते ‘एफ-ड्रॉइड’ या खुल्या कोडच्या ॲप्सच्या भांडारातही मिळते. एक दार बंद झाले तरी दुसरे उघडे राहते. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पाने तर प्रतिकृती साध्या ब्राउझरमध्ये चालतील अशा रचल्या. त्यांतील अनेक मराठीतही आहेत आणि त्या वापरण्यासाठी कोणत्याही दुकानात जावे लागत नाही.

या तिन्ही उदाहरणांत टिकाव गुणवत्तेमुळे आला, पण केवळ गुणवत्तेमुळे नव्हे. कोड खुला होता किंवा वितरणाचा मार्ग एकापेक्षा अधिक होता, हेही तितकेच महत्त्वाचे ठरले.

शिक्षकांनी काय पाहावे?

वर्गासाठी ॲप निवडताना विषयाच्या अचूकतेबरोबर आणखी तीन गोष्टी तपासाव्यात, असे आम्ही सुचवतो. पहिली, त्याचा कोड खुला आहे काय? दुसरी, तेच काम ब्राउझरमधून किंवा दुसऱ्या भांडारातून होते काय? तिसरी, विद्यार्थ्यांच्या नोंदी साध्या तक्त्याच्या रूपात बाहेर काढता येतात काय? तिन्हींची उत्तरे नकारार्थी असतील, तर त्या ॲपवर वर्षाचे नियोजन आधारू नये. ज्या शिक्षकांना स्वतः काही रचता येते, त्यांनी शक्य तेथे ते वेबपानाच्या रूपात रचावे. दुकानदारांकडेही एक मागणी करायला हवी : विनाजाहिरात, विनाशुल्क आणि वापरणाऱ्याची माहिती न गोळा करणाऱ्या शैक्षणिक ॲप्ससाठी वेगळा वर्ग करावा, त्यांचे शुल्क माफ करावे आणि ती जुनी झाली तरी इशाऱ्यासह दिसत राहावीत. ग्रंथालयात जुन्या पुस्तकांसाठी वेगळे कपाट असते. तेवढी सोय मागणे अवाजवी नाही.