आईचा शजरा

घराण्याचा विषय निघाला की आमच्याकडे शजरा काढला जातो. त्यात बापाच्या बापाचे नाव असते. आईच्या आईचे क्वचितच. म्हणूनच जेम्स मॅकब्राइड या अमेरिकन लेखकाचे 'द कलर ऑफ वॉटर' हे 1990च्या दशकातले आत्मकथन आम्हाला जवळचे वाटते.

मॅकब्राइडचे वडील काळे, आई गोरी. 'तू गोरी आहेस का?' असे मुलाने विचारले की आई विषय टाळायची. तिचे हे मौन हाच पुस्तकाचा गाभा आहे. रूथ 1921 साली पोलंडमध्ये, सनातनी ज्यू घरात जन्मली. बाप धर्मगुरू; व्हर्जिनियातील सफोक गावात त्याचे किराणा दुकान. त्याच्या जुलमातून सुटून ती न्यूयॉर्कला आली, ख्रिस्ती झाली आणि 1942 साली अँड्र्यू मॅकब्राइडशी तिने लग्न केले. व्हर्जिनियात असे लग्न 1967च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत गुन्हा होता. माहेरच्यांनी तर ती मेली असे मानून शोक पाळला. तिने मात्र बारा मुले वाढवली.

एक प्रकरण आईचे, एक मुलाचे, अशी मांडणी आहे. आईचे निवेदन साधे, कोरडे आणि म्हणूनच काळजाला भिडणारे. आजोबाचे क्रौर्य लेखक झाकत नाही. पूर्वज शोधायचे ते मिरवण्यासाठी नव्हे, हे भान त्याला आहे. जिला जिवंतपणी मृत ठरवले, तिला तो पुन्हा वंशवेलीत आणतो.

तरीही दोन उणिवा जाणवतात. वडिलांच्या काळ्या घराण्याला पुस्तकात फारच थोडी जागा मिळते. आणि शेवटी बाराही मुलांच्या पदव्यांची यादी येते. जणू मिश्र रक्ताला प्रमाणपत्राची साक्ष लागते! आईच्या कष्टांचा तो गौरव आहे हे मान्य. पण पदवी नसती तर ही मुले कमी ठरली असती काय?

कोकणातील मुसलमानांची कहाणी वेगळी, प्रश्न मात्र जवळचा. इ.स. 916च्या सुमारास अरब प्रवासी मसूदी चौलला आला. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान असल्याचे त्याने नोंदवले: ओमान, बसरा, सिराफ, बगदादहून आलेले आणि याच भूमीत जन्मलेलेही. शजऱ्यात अरब पूर्वज अभिमानाने येतो. त्याच्या घरी आलेली इथली बाई येत नाही. आमच्या ओठांवरची बोली मात्र तिचीच देणगी असणार.

'मुसलमान असून इतके चांगले मराठी कसे बोलता?' हा प्रश्न आम्ही आयुष्यभर ऐकत आलो. त्याचे उत्तर बापाच्या शजऱ्यात सापडणार नाही. आमच्या लेखकांनी आता आईला विचारावे, ती हयात आहे तोवर.