बर्फातला पीटर आणि अबोल लुई

मुलांच्या सचित्र पुस्तकांची समीक्षा आपल्याकडे फारशी होत नाही. पुस्तक बोधप्रद आहे, छपाई सुबक आहे, किंमत परवडण्याजोगी आहे, एवढे सांगितले की परीक्षण आटोपते. चित्रांत कोण आहे आणि कोणाला जागाच मिळालेली नाही, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. अमेरिकन चित्रकार एझरा जॅक कीट्स यांच्या पुस्तकांकडे वळताना आम्हांस तोच प्रश्न आधी विचारावासा वाटतो.

कीट्स यांचा जन्म १९१६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, पोलंडहून आलेल्या एका गरीब ज्यू कुटुंबात झाला. वडील बेंजामिन काट्झ हे उपाहारगृहात वेटर होते. चित्रे काढून पोट भरत नाही, ही त्यांची धास्ती. तरीही एखाद्या भुकेल्या चित्रकाराने सूपच्या मोबदल्यात दिल्या, अशी बतावणी करून ते मुलासाठी रंगाच्या नळ्या घरी आणीत. १९३५ साली ते वारले, तेव्हा त्यांच्या पाकिटात मुलाला मिळालेल्या बक्षिसांच्या बातम्यांची कात्रणे निघाली. (बापाने प्रेम असे चोरून करण्याची रीत एकट्या ब्रुकलिनची नव्हे.) युद्धानंतर ज्यूंविषयीच्या आकसामुळे काम मिळणे कठीण झाले, आणि १९४७ साली जेकब एझरा काट्झ कायदेशीररीत्या एझरा जॅक कीट्स झाले. स्वतःचे नाव झाकून ज्याला उंबरठा ओलांडावा लागला, त्याच्या नजरेला दाराबाहेर उभे असलेले इतर जण दिसले, यात आम्हांस नवल वाटत नाही.

कायम नोकरी न करता मासिकांची चित्रे, पुस्तकांची वेष्टने, असे मिळेल ते काम ते करीत. १९५४ पासून इतरांनी लिहिलेल्या बालपुस्तकांना ते चित्रे पुरवू लागले. हाती येणाऱ्या संहितांत कृष्णवर्णीय मूल कधी नायक नसे. असलेच तर मागच्या गर्दीत. मुक्त व्यवसाय करणाऱ्या चित्रकाराने ही तक्रार कोणाकडे करावी? त्याला पुढचे काम हवे असते. १९६० साली पॅट चेर यांच्यासमवेत त्यांनी 'माय डॉग इज लॉस्ट' हे पुस्तक केले; त्यातला ह्वानितो हा प्वेर्तो रिकोहून नुकताच आलेला, केवळ स्पॅनिश बोलणारा मुलगा. आणि १९६२ साली, स्वतःच लेखक आणि स्वतःच चित्रकार होऊन त्यांनी 'द स्नोई डे' सिद्ध केले. 'लाइफ' नियतकालिकातून १९४० साली कापून ठेवलेली एका लहान कृष्णवर्णीय मुलाची छायाचित्रे वीसहून अधिक वर्षे त्यांच्यापाशी होती. तोच मुलगा आता पीटर झाला.

कथानक म्हणावे असे त्यात जवळजवळ काही नाही. सकाळी खिडकीबाहेर बर्फ दिसते. लाल पोशाख चढवून पीटर बाहेर पडतो, पावले उमटवतो, काठीने झाडावरचे बर्फ पाडतो आणि बर्फाचा एक गोळा उद्यासाठी खिशात घालून घरी येतो. तो वितळतो, हे सांगायला नको. आपल्या किनाऱ्यावर बर्फ पडत नाही. पण पहिल्या पावसात होडी घेऊन धावलेल्या कोणासही हा आनंद परका वाटणार नाही. कीट्स यांनी ही चित्रे रंगीत कागद आणि कापड चिकटवून घडवली. बर्फाची नक्षी खोडरबर कोरून छापली, तर रात्रीची करडी पार्श्वभूमी टूथब्रशने शाई शिंपडून केली. कोऱ्या पांढऱ्या पसाऱ्यात तो लाल ठिपका असा काही उठून दिसतो, की ते सारे बर्फ त्याच्याच मालकीचे वाटावे. संहितेत त्याच्या वर्णाचा एका शब्दानेही उल्लेख नाही. १९६३ साली या पुस्तकास अमेरिकेतील चित्रपुस्तकांचा मानाचा कॅल्डिकॉट पुरस्कार लाभला.

याच मौनावर पुढे टीका झाली. १९६५ साली नॅन्सी लॅरिक यांनी 'सॅटर्डे रिव्ह्यू'मध्ये बालसाहित्याची झडती घेतली. तीन वर्षांत निघालेल्या ५,२०६ पुस्तकांपैकी अवघ्या ६.७ टक्क्यांत एखादी तरी कृष्णवर्णीय व्यक्ती होती. हा आकडा मांडून त्यांनी मोठे काम केले. मात्र त्याच लेखात त्यांनी कीट्स यांनाही धारेवर धरले: पीटरचा वंश शब्दांत सांगितलेला नाही, आणि त्याची स्थूल, भडक चौकड्यांच्या पोशाखातली आई जुन्या मोलकरणीच्या साच्यातून काढल्यासारखी आहे. पहिला आक्षेप आम्हांस मान्य नाही. गोऱ्या मुलाला ओळखपत्र दाखवल्याविना बर्फात खेळता येते. पीटरकडेच ते का मागावे? दुसरा आक्षेप मात्र हातावेगळा करता येत नाही. आईचा चेहरा घडवताना चित्रकाराचा हात मुलाइतका मोकळा चाललेला नाही.

पीटर सात पुस्तकांत येतो आणि, बालपुस्तकांतील नायकांचा शिरस्ता मोडून, हळूहळू वाढतो. 'पीटर्स चेअर'मध्ये त्याच्या सामानाला धाकट्या बहिणीसाठी गुलाबी रंग लागतो. 'गॉगल्स'मध्ये दांडगी पोरे त्याची वाट अडवतात. मोहल्ला आता स्वच्छ बर्फाचा राहिलेला नाही. खरडलेल्या भिंती, केराचे डबे, मोडके सामान, सर्व काही चित्रात येते.

लौकिक मात्र पहिल्याच पुस्तकाचा. २०१७ साली त्यातील चित्रांची टपाल तिकिटे निघाली. २०२० साली न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने आपल्या १२५ वर्षांत सर्वाधिक वेळा वाचकांनी नेलेले पुस्तक म्हणून त्याचेच नाव जाहीर केले; संख्या ४,८५,५८३. हा मान रास्त आहे. तरी आमची पसंती विचाराल तर ती नंतरच्या दोन पुस्तकांना. गोंडस मुलाला चित्रात जागा देणे त्यामानाने सोपे. ज्याच्याजवळ जायला पाय अडखळतात त्याला जागा देणे अवघड.

१९७५ च्या 'लुई'मधला मुलगा जवळजवळ बोलतच नाही. बाहुल्यांच्या खेळात 'गसी' नावाची बाहुली दिसताच तो मध्येच उठून तिला मोठ्याने हाक देतो. इतर मुलांचा खोळंबा होतो. पण खेळ करणारी सूझी आणि रोबेर्तो त्याला रागावत नाहीत. बाहुलीलाच त्याच्याशी बोलायला लावतात.

आणि १९७१ चे 'अपार्टमेंट ३'. पावसाळी दिवस, अंधारी इमारत, कुठून तरी येणारे हार्मोनिकाचे सूर. सॅम आणि त्याचा धाकटा भाऊ बेन दारादारांवरून तो आवाज शोधत जातात. येथे कागदांची रंगीबेरंगी चिकटकला नाही. काळपट, ओलसर रंग आहेत. ज्या दाराशी ते थांबतात त्याच्या आत एक अंध माणूस एकटा बसला आहे. इमारतीत कुठे काय चालले आहे, हे त्याला डोळ्यांवाचून ठाऊक. मुले प्रथम बिचकतात. मग तो वाजवू लागतो आणि त्या अंधाऱ्या खोलीत सॅमला रंग दिसू लागतात. निघण्यापूर्वी सॅम त्याला विचारतो, उद्या आमच्याबरोबर फिरायला याल का?