पाटी वाचली, झाड राहिले

फेब्रुवारीतल्या एका सकाळी भायखळ्याच्या राणीच्या बागेत एका शाळेच्या सातवीच्या मुलांबरोबर आम्ही दोन-अडीच तास काढले. माहिती सांगणारा कोणी सोबत घेतलेला नव्हता. पाच-पाच मुलांचे गट, प्रत्येक गटाच्या हाती चार पानांची कृतिपत्रिका आणि 'आपले आपण शोधा' एवढीच सूचना. ही कल्पना आम्हाला मनापासून आवडली. एका माणसाच्या आवाजामागे साठ मुलांची रांग चालली की पुढच्या दहांना ऐकू येते आणि बाकीची पन्नास डबा कधी उघडायचा याचा विचार करतात. तेव्हा मुलांना मोकळे सोडणेच बरे.

पण पाऊण तासात सगळ्या कृतिपत्रिका भरून झाल्या आणि आम्ही चकित झालो. प्रश्न पाहिले तेव्हा उलगडा झाला. 'कैलासपतीचे शास्त्रीय नाव लिहा.' 'उर्वशीचे कुळ कोणते?' 'पाच औषधी झाडांची नावे लिहा.' उत्तरे झाडांवरच्या पाट्यांवर होती. त्यामुळे मुले पाटीकडे धावत, एक जण मोठ्याने वाची, चौघे उतरवून घेत आणि गट पुढे पळे. वर मान करून झाड पाहण्याची गरज कोणालाच पडली नाही.

एका मुलीला मात्र पडली. प्रचंड घेराच्या, एकही पान नसलेल्या एका झाडापाशी ती थांबली आणि म्हणाली, "हे झाड मेलंय का रे?" गटप्रमुखाने कागद पाहिला. "ते आपल्या कागदावर नाही. चल लवकर."

ते झाड गोरखचिंचेचे होते. मूळचे आफ्रिकेतले हे झाड कोरड्या ऋतूत पाने गाळते आणि आपल्या मऊ, जाड बुंध्यात पाणी साठवून ठेवते. म्हणजे त्या सकाळचा सर्वांत चांगला वैज्ञानिक प्रश्न त्या मुलीने विचारला होता आणि आपण छापलेल्या कागदाने तो पुसून टाकला. आमची तक्रार आहे ती इथे. अशा कृतिपत्रिकेतून मुले झाडांबद्दल थोडे शिकतात. पण विज्ञान म्हणजे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेले उतरवून घेणे, हे मात्र पक्के शिकतात. मार्गदर्शक माणूस गेला आणि त्याच्या जागी मार्गदर्शक कागद आला, एवढाच फरक.

यात शिक्षकांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. साठ मुले, दोन शिक्षक, रस्ता ओलांडण्याची काळजी आणि परत गेल्यावर तपासायचे गठ्ठे. पाटीवरून उत्तर मिळणारा प्रश्न तपासायला सोपा असतो, म्हणून तोच छापला जातो. पण जो प्रश्न तपासायला सोपा, तो विचारायला बागेपर्यंत जायलाच हवे होते का? तो वर्गात फळ्यावरूनही उतरवून घेता आला असता.

राणीची बाग १८६२ सालची आहे. २०१७ पासून तिथे पेंग्विन पाहायला गर्दी लोटते. पण शाळेसाठी खरा खजिना तिथल्या जुन्या झाडांचा आहे. त्यांच्यापाशी असे प्रश्न विचारता येतील, ज्यांचे उत्तर पाटी देऊ शकत नाही, फक्त झाडच देऊ शकते. कैलासपतीची फुले कुठून निघतात, पानांजवळून की थेट खोडातून? असे आणखी एक फळ तुमच्या घरी येते, ते कोणते? (फणस आठवायला मुलांना फार वेळ लागत नाही.) उर्वशीची कोवळी पाने आणि जून पाने यांचा रंग व ताठपणा यांत काय फरक दिसतो? गोरखचिंचेच्या घेराला छातीच्या उंचीवर दोरी गुंडाळा. त्यावरून बुंध्याचा व्यास किती? उघड्यावरच्या उंच पामची आणि एक मीटर काठीची सावली एकाच वेळी मोजा. पामची उंची किती? इथे गणिताचा तासही बागेतच होतो.

अशा प्रश्नांची उत्तरे गटागटांत वेगळी येतील. एकाचा घेर दुसऱ्यापेक्षा वीस सेंटिमीटरने जास्त भरेल. भरू द्यावा. दोरी तिरकी होती की सैल, यावर मुले भांडतील आणि मोजमापातील चूक म्हणजे काय हे त्या भांडणात जेवढे कळेल तेवढे पुस्तकातून कळणार नाही.

यासाठी शिक्षकाने सहलीच्या आधी एकदा, एकट्याने, बागेत तासभर फिरून यावे. पंचवीस झाडांऐवजी पाच-सहाच निवडावीत. प्रत्येक झाडापाशी दहा मिनिटे थांबायचेच, असा नियम करावा. आणि कृतिपत्रिकेचे शेवटचे पान कोरे ठेवावे. वर एवढेच लिहावे : 'तुम्हाला पडलेला प्रश्न'. ते पान भरले नाही तर सहल अपुरी समजावी.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर बागेतच होते. पण ते मिळायला पावसाळ्यात पुन्हा एकदा जाऊन त्याच झाडाकडे वर पाहावे लागले असते. 'झाड मेलंय का?' असे त्या कोऱ्या पानावर लिहिलेले असते, तर दुसरी सहल काढायला याहून चांगले कारण कोणते हवे होते?