‘हळू’ म्हणजे नेमकं काय? वाक्संप्रदाय कोश वापरताना

दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ (1942–47) तुमच्यापैकी बरेचजण कधी ना कधी उघडालच. काम अफाट आहे, वादच नाही. पण रचना अकारविल्हे. ‘संथपणा’ असा विषय घेतलात, तर कासव एकीकडे, घोंगडं दुसरीकडे, घोडं तिसरीकडे. मग आपण काय करतो? सगळे गोळा करतो, समोर ‘हळू’ एवढाच अर्थ लिहितो आणि मोकळे होतो. माझा आक्षेप या सवयीवर आहे.

दर्यापूरचंच उदाहरण घ्या. मूर्तिजापूर–अचलपूर ‘शकुंतला’ इथल्या बनोसा स्टेशनावरून जायची. 76 किलोमीटरला चारेक तास. ती कासवगतीची. पण त्या मार्गाच्या ब्रॉडगेजची वर्षानुवर्षांची मागणी? ते भिजत घोंगडं. कासव निदान चालतं तरी. घोंगडं कुणीतरी भिजत ठेवलेलं असतं. आणि ‘घोडं पेंड खातं कुठं?’ असं विचारणारा वेग मोजतच नसतो, तो अडलेली जागा शोधत असतो. तिन्ही एकाच रकान्यात टाकलेत, तर काम कुणी अडवलं हेच तुमच्या डेटातून गायब होतं.

तुलना करतानाही जपा. चिनीत संथपणासाठी ‘गोगलगायीची चाल, बैलाची पावलं’ अशा अर्थाचा चार अक्षरी वाक्प्रचार आहे. आता शंकरपट बघत वाढलेल्या वऱ्हाडी माणसाला बैलाचं नाव काढल्यावर आधी काय आठवेल, सांगा! म्हणून नुसत्या भाषांतरावरून ‘दोन्हीकडे सारखंच’ असं लिहू नका. प्रत्येक नोंदीपुढे चालणारा कोण, अडवणारा कोण आणि बोलणारा चिडलाय का, असे तीन रकाने आधी आखून घ्या.