'म्हणून' कुठून आलं?

लाउडस्पीकर अॅक्टिव्ह चांगला की पॅसिव्ह, हा वाद तुम्ही ऐकला असेल. पॅसिव्हमध्ये अॅम्प्लिफायर एकच. त्यातून आलेला सिग्नल पेटीतल्या कॉइल आणि कपॅसिटर विभागतात, खालचे स्वर वूफरला, वरचे ट्वीटरला. अॅक्टिव्हमध्ये विभागणी आधीच होते आणि प्रत्येकाला स्वतःचा अॅम्प्लिफायर मिळतो. विभागणी जास्त अचूक करता येते. इथवर माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती पुढच्या वाक्याबद्दल: 'म्हणून तो खोलीत आवाज नीट पसरवतो.' हे 'म्हणून' कुठून आलं?

आवाज कुठे पसरेल, हे तरंगलांबी आणि वूफरच्या शंकूचा आकार यांच्या प्रमाणावर ठरतं. 100 हर्ट्झची तरंगलांबी सुमारे 3.4 मीटर, 8 इंची वूफर तिच्यापुढे ठिपका, त्यामुळे आवाज चहूकडे जातो, मागेसुद्धा. 3000 हर्ट्झला तीच लांबी 11 सेंटीमीटर. आता तोच शंकू बॅटरीसारखा झोत टाकतो. मग छोटा ट्वीटर सुरू झाला की झोत एकदम रुंद! समोर बसलेल्याला सगळं ठीक, पण भिंतींना वेगळंच ऐकू जातं, आणि भिंती ते तुम्हाला परत ऐकवतात. इक्वलायझर फिरवून बघा. समोरचं बदलतं तेवढंच बाजूचंही बदलतं, दोहोंतला फरक तसाच. गिल्बर्ट राइल ज्याला कोटींची गल्लत म्हणत, तिचाच हा भाऊ: विजेचं उत्तर आकाराच्या प्रश्नाला.

पूर्वपक्ष म्हणेल, जर्मनीतला 'की थ्री' बघा. सहा ड्रायव्हर, सहा अॅम्प्लिफायर. बाजूचे आणि मागचे ड्रायव्हर मोजून उशिरा आवाज सोडतात आणि मागे जाणारा खर्ज पुसतात. मान्य. हे पॅसिव्हला जवळजवळ अशक्यच. पण नेदरलँड्सचा 'डच अँड डच 8सी' घ्या. तोही अॅक्टिव्ह, तरी मधल्या स्वरांना मागे जाण्यापासून अडवतात त्या पेटीच्या बाजूच्या फटी, आणि ट्वीटरचा झोत आवरते ती त्याच्याभोवतीची खोलगट बशी. ते काम आकाराचं. जुन्या ग्रामोफोनचा कर्णा तर विजेशिवायच दिशा देत होता ना!

हा नुसता शब्दच्छल नाही. फ्लॉइड टूल यांनी 1980 च्या दशकात कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये स्पीकर पडद्याआड ठेवून लोकांना ऐकवले. पसंती मिळाली ती समोर सपाट आणि बाजूलाही सुरळीत वाजणाऱ्यांना.

तेव्हा लाखभर रुपये मोजायच्या आधी दुकानदाराला विचारा, बाजूला 30 आणि 60 अंशांवरचा आलेख आहे का? पुष्कळदा पत्रकावर वॅट असतात, हा आलेख नसतो.