जाळले आणि जपले

ग्रंथ जाळणाऱ्याचाच ग्रंथ आदराने वाचावा काय? डिएगो दे लांदा या स्पॅनिश पाद्र्याचे युकातानविषयीचे पुस्तक हाती घेताना हा प्रश्न टाळता येत नाही. मेक्सिकोतील मानी या गावी जुलै १५६२ मध्ये याच लांदाने मूर्तींबरोबर माया लोकांच्या पोथ्याही अग्नीच्या स्वाधीन केल्या. आज जगात माया पोथ्या उरल्या आहेत अवघ्या चार. आणि त्या लोकांचे सण, घरे, शेती, पंचांग यांची सोळाव्या शतकातली सर्वांत भरघोस माहिती मिळते ती याच गृहस्थाने सुमारे १५६६ साली लिहिलेल्या पुस्तकात!

युकातानातले इसामाल पाहिल्यावर मला या पुस्तकाची घडण उमगली. तिथला ख्रिस्ती मठ मायांच्या देवस्थानाच्या चौथऱ्यावर उभा आहे. पायऱ्या चढून गेले की कमानींनी वेढलेले ऐसपैस अंगण लागते. बांधकामातले दगड जुन्या देवळांचे. लांदा याच मठात राहत असे. त्याचे पुस्तकही तसेच : वर पाद्र्याचे प्रवचन, खाली मायांचा चौथरा.

हुआन कोकोम नावाच्या माया सरदाराने आपल्या आजोबांची पोथी विश्वासाने दाखविली, हे लांदा स्वतः सांगतो. पोथ्या जाळल्याचे सांगताना तो त्यांत सैतानाचे असत्य होते असे म्हणतो. पण लोकांना अतोनात दुःख झाले, हेही त्याच दमात नोंदवतो. ही नोंद त्याच्या हातून का सुटली नाही? माझ्या मते, त्याच्यातला पाहणारा माणूस पाद्र्याहून थोडा अधिक प्रामाणिक होता.

त्याने दिलेली माया ‘वर्णमाला’ही अशीच. त्याने स्पॅनिश अक्षरांची नावे उच्चारली. ‘बे’ म्हणताच माया लेखकाने ‘बे’ या उच्चाराची खूण काढली. लांदाला ती सुटी अक्षरे वाटली. बाराखडीवर वाढलेल्या आपल्याला यातली गंमत चटकन कळेल. पुस्तकाची संक्षिप्त नक्कल १८६२ साली माद्रिदला सापडली, आणि १९५२ मध्ये रशियन पंडित युरी क्नोरोझोव यांनी त्याच खुणांच्या आधारे माया लिपीच्या वाचनाची वाट उघडली.

तेव्हा हे पुस्तक अवश्य वाचावे. मात्र आभार मानायचे ते आधी कोकोमचे, आणि त्या अनाम लेखकाचे.